विनंती थांबा

वेबिलाच्या पाठीवर नसीमा रेघ ओढते.
वर गौताळा, खाली येडशीचं रामलिंग,
मधे कोरा कागद,
त्यावर कपाच्या बुडाचा गोल डाग.
म्हणते, हे बीड धर.

कन्नड आगाराची विश्रांती खोली,
पंखा तीनवर अडकलेला,
बाहेर धुळ्याची गाडी फलाटाला लागतेय
आणि आम्ही दोघी वाहक
दिवाळीची गर्दी ओसरल्यावर चार दिवसांची रजा
कुणाच्या सहीनं निघेल, ते मोजतोय.

राष्ट्रीय उद्यान आपल्या मराठवाड्यात एकही नाही,
मी सांगितलं. अभयारण्यंच.
"नावात अभय आहे ना? मग बास झालं."

भाच्याची वॅगनआर आहे. चालवणार नसीमा.
लायसन आठ महिन्यांचं,
चढ लागला की बोलायची बंद होते.
मी तिच्या बाजूला, पुढच्या सीटवर.
हे वाक्य मी मनात दोनदा म्हणून बघितलं.

एकोणीस वर्षं माणसांकडं तोंड करून उभी राहिले.
रस्ता पाठीमागून यायचा
आणि मागच्या काचेत बारीक होत जायचा.
आडूळ, पाचोड, शहागड, गेवराई,
नावं पुकारली, भाडं सांगितलं,
एकाही गावाला समोरून येताना पाहिलं नाही.
शहागडच्या पुलावर बायका
खिडकीतून गोदावरीत नाणं टाकायच्या,
मी म्हणायची, सुट्टे आहेत तर इकडं द्या की.

पहाटे फाटक उघडलं की गौताळ्यात.
बिबट्या दिसला तर दिसला,
नाहीतर अंजनाची झाडं काय पळून जातात?
दुपारच्या भाकरी माझ्या, ठेचा तिचा.
मांजरसुंब्याला रबडी, त्यात वाद नाही.

वाद चौसाळ्याच्या पुढं.

सोलापूर गाडीला असताना
लिंबाजी तात्या म्हणून एक जण यायचा.
तिकीट येरमाळ्याचं काढायचा, उतरायचा अलीकडंच,
उघड्या माळावर.
पाटी नाही, झाड नाही, पायवाटसुद्धा नाही.
"तात्या, इथं थांबा नाही."
"विनंती तर आहे की, बाई."
ड्रायव्हर शिव्या घालत ब्रेक दाबायचा.

एकदा गाडी तापली ती नेमकी तिथं.
तात्यानं बाटलीतलं पाणी तोंडात घेतलं,
एक चूळ डावीकडं टाकली, एक उजवीकडं.
"ही मांजरेला जाईल," म्हणाला, "ही सिनेला.
पावसाला इथं ठरवावं लागतं."
रेडिएटर निवला. मी डबल बेल दिली.

पुढं कधीतरी तो यायचा राहिला.
कधीपासून, ते सांगता येत नाही.
वेबिलात चढलेल्यांचा हिशोब असतो,
उतरलेल्यांचा नाही.

"तिथं बघायचं काय?" नसीमा विचारते.
कुसळी गवत, पिवळं पडलेलं. वारा.
"फोटोत काय येणार?"
काहीच नाही.
"बाटली भरून घ्यायची का?"
दोन घे.

"आणि जागा कशी ओळखशील?"
इथं मात्र मी अडकले.
मला ती जागा मागूनच ठाऊक आहे,
बस सुटल्यावर काचेत उरलेली,
धुळीत एक माणूस, पाठमोरा,
डोंगराची कड त्याच्या खांद्याएवढी.
म्हणजे चौसाळा सुटलं की
पुढच्या सीटवर बसूनही मला
मान वळवून मागंच बघावं लागणार.

नसीमा हसली नाही.
रेघेवर एक टिंब काढलं,
डागाच्या बरंच खाली.
"टप्प्याचं नाव?"
टप्पा नाही तो.
"मग भाडं कुठपर्यंतचं?"

ती पेन टेकवून बसलेली.
बाहेर कंट्रोलर माझा बिल्ला नंबर पुकारतोय.