टाळी

"मॅडम, बाथरूममधून बोलता का?"
पिंपळगावच्या औषध कंपनीचा माणूस, फोनवर.
मी बोलत होते द्राक्षांवरच्या भुरीबद्दल,
गंधक किती, पाणी किती, वारा पडल्यावर फवारा,
आणि त्याला ऐकू येत होती माझी खोली.

दहा बाय दहा. सिडकोची. उंचीही जवळपास तेवढीच.
मधोमध उभी राहून टाळी वाजवली
की ती चारी भिंतींना विचारून परत यायची,
टिर्रर्र करत.
एका हाताने वाजत नाही म्हणतात.
माझी वाजायची, दोन्ही हात खाली आल्यावरही.

आधी अंड्यांचे ट्रे. सगळे तेच करतात.
पवननगरच्या अंडेवाल्याने नव्वद दिले, फुकट,
वर एक प्रश्न: "ताई, पोल्ट्री टाकताय?"
फेविकॉल वाळेपर्यंत दोन रात्री बाहेर झोपले.
खोलीला वास आला, मग झुरळं आली.
आवाज तोच, फक्त थोडा
पुठ्ठ्याचा.

मग कळलं, खरी गोम कोपऱ्यात.
जाड आवाज तिथे जाऊन बसतो
लग्नात मान न मिळालेल्या मामासारखा
आणि घुमत राहतो.
त्याला मऊ काहीतरी लागतं, वीतभर जाड,
भिंतीपासून चार बोटं सुटं.
अंबडला जाऊन रॉकवूलचा भाव विचारला.
विचारून घरी आले.

गफूर पिंजारी भद्रकालीत, एका जिन्याखाली.
जुन्या गाद्यांचा कापूस पोत्यांत पडून.
नव्या गाद्या आता खोक्यातून येतात, गुंडाळलेल्या,
दोरी कापली की आपोआप फुगतात.
"कशाला हवाय?"
सांगितलं. हसले नाहीत.
मूठभर कापूस तोंडाशी धरला,
त्यात हळूच स्वतःचं नाव घेतलं,
आणि मान हलवली.
"ने. यावर लोक तीस-तीस वर्षं झोपलेत.
खोकले, भांडणं, तोंड खुपसून रडणं.
गिळायचं याला शिकवावं लागत नाही."

साठ रुपये किलो, पंधरा किलो.
गोणपाट लासलगावचं, तीनदा धुतलं
तरी कांदा गेला नाही.
चौकटीला पॅकिंगच्या फळ्या,
आणि भावाचा एक रविवार.

चार कोपऱ्यांत चार, एक डोक्यावर, एक पाठीमागे.
टाळी वाजवली.

टप्.

ओल्या मातीवर पेरू पडावा, तेवढंच.
पुन्हा वाजवली. पुन्हा टप्.
दोन वर्षं एकटी राहतेय इथे.
आत्ता कळलं, इतके दिवस
खोली मला उत्तर देत होती.

रात्री पाठीमागची चौकट काढून ठेवली.
सकाळी परत लावली.
डाउनीचं काम आलं होतं, घाईचं.

बाहेरचं याने थांबत नाही, हेही तेव्हाच कळलं.
देवळालीला तोफांचा सराव लागला
की खिडकीची काच आधी ऐकते, मग मी,
मग माइक. वाक्य पुन्हा घ्यावं लागतं.
कापूस कुणाला अडवत नाही.
माझंच मला परत देत नाही, एवढंच.

गफूरभाई एकदा बघायला आले,
खांद्यावर धनुकली.
माइकसमोर तात छेडली.
टण्ण.
आणि मागे काहीच नाही.
ते तसेच उभे, कान पुढे करून,
उरलेलं यायची वाट बघत.
"बाकीचं कुठे गेलं?"
मी कोपऱ्याकडे बोट केलं.
त्यांनी जाऊन गोणपाटावर तळवा ठेवला,
गिऱ्हाइकाची गादी दाबतात तसा दाबला,
आणि तोंड वाकडं केलं.
"फार ठासून भरलंयस, बेटा.
सैल कर.
त्यालाही श्वास लागतो."