जनरलचं शेवटचं पान

पेन्शनीत आल्यावर सुभेदार सत्तेरी हुंदरेंना
शहापुरात रद्दीवाल्याकडं एक जनरल भेटला,
सव्वा किलोत, कव्हर नसलेला.

समुद्रापलीकडचा कुठलासा देश, नाव वाळवीनं खाल्लेलं.
खेचरं हाकणाऱ्याचा पोर,
तोफेच्या धुरात मिसरूड फुटलं,
आणि एका पहाटे घोड्यासकट
राष्ट्राध्यक्षाच्या दिवाणखान्यात शिरला.
"गालिच्यावर लीद! आन् मग शपथविधी,"
सुभेदार सांगतात, आणि वडगावच्या मागावर
धोटा मधेच थांबतो.

तीनदा खुर्ची. दोनदा परागंदा,
एकदा तर मिठाच्या होडीत, पोत्यांखाली.
परत आला की आधी जुनी नाणी वितळवायची,
आपला चेहरा पाडायचा.
"म्हंजे आमच्या चौकातल्या पाट्यांगतच की ओ,"
कांडी भरता भरता मल्लव्वा म्हणते,
निम्मं मराठीत, निम्मं कन्नडात.
सगळे हसतात, सुभेदार सोडून.

दोनशे बाराव्या पानावर तो जिन्यात उभा आहे.
खाली त्यानंच वाढवलेला कप्तान.
पुढं काही नाही, शिलाईच्या दोऱ्याला चार चिंध्या.

सोमवारी सुभेदार त्याला मारतात.
गुरुवारी तो मका पेरतो, कुणाला ओळख देत नाही.
परवा तर त्याला पेन्शन लावून दिली
कॅम्पातल्या ऑफिसातनं, अर्ज तीन प्रतींत.

काल लाईट गेलेली, माग गप्प.
अंधारात कुणीतरी विचारलं, मग, सुभेदार?

बराच वेळ नुसती बिडी लाल होत राहिली.

"त्या जिन्यावर पहाऱ्याला मीच होतो," म्हणाले,
"मला कुणी हुकूमच दिला नाही."