बारा मार्च, वेंगुर्ला बंदर

शिमग्याचा ढोल वाडीत अजून,
ही बाई मात्र जेट्टीवर, चार पट्ट्यांचं निशाण धरून:
तांबडं, निळं, पिवळं, हिरवं.
"आजच्या तारखेला आमचं बेट सुटलं," म्हणते.
मराठी तिची उसासारखी, पेराशी अडते.

आडनाव भिवाजी.
खरं तर ते खापरपणज्याचं नाव;
गोऱ्या कारकुनानं रकाना भरला,
नंबर दिला, गाव लिहिलं विंगोर्ला.
वाडीला जागा नव्हती.

बुडीत उधारीला आम्ही म्हणतो, "गेली मिरिचेक."
मला इतकी वर्षं वाटायचं, मिरची.
देश आहे तो.
उसाचा.

खाडीवरून वारा आला, निशाण तिच्या तोंडावर.
हसली, की काय, कोण जाणे.

चहाचे पैसे घेतले नाहीत.
वहीत मांडले:
भिवाजी, वेंगुर्ला. चहा एक.
बाकी.