वरची फट

मोबाइलला तोंडं दोन.
खालचं बोंबलतं: वरात, केळीचे भाव, आरत्या, रील.
वरचं काचेच्या काठाला,
तांदळाच्या कणीएवढं,
एकाच कानाशी बोलतं.

चोपड्याच्या स्टँडसमोर, रसवंतीच्या आडोशाला
माझं टेबल.
भिंगाखाली ती कणी धरली की
माणसाचा धंदा कळतो.
काळा चीक असला तर केळीच्या कटाईवरचा.
जाळीत पांढरे तंतू, तर जिनिंगचा.
बेसन निघालं की शेववाला, विचारायचं कामच नाही.
एकदा मेंदी निघाली, ओली.
ब्रश, दोन थेंब द्रावण.
फुंकर मारायची नाही, कचरा आत जातो;
हे हिलालभाऊंनी टपली मारून शिकवलेलं.

दर साली कंपनीवाले ही फट बारीक करतात.
पडदा मोठा हवा म्हणून तोंड मिटवत आणलंय.
हिलालभाऊ म्हणायचे,
"एक दिन फोनले तोंडच नही ऱ्हाई."

परवा सुपडूचा नातू आला,
हातात एकच बड, उजवा.
डावा फवारणी करताना कपाशीत पडला.
"दुसरा इकत भेटी का?"
म्हटलं, जोडी मोडून कोणी विकत नाही.
तो म्हणाला, मग राहू द्या,
एक कान आईच्या हाकेला लागतोच.

आणि काल ती.
अडावदच्या बसमधून उतरली, थेट टेबलाशी.
"वरचं बंद आहे. आठ महिने झाले."
खालचं?
"खालचं चालतं ना. तोच तर त्रास आहे."

घरात फोन आला की ओट्यापर्यंत ऐकू जातो.
साक्रीहून आई विचारते,
जेवनी का, म्हैस दूध देस का,
सासू बरी शे ना,
आणि मग दोघी गप्प बसतात,
आणि मग ठेवतात.
हे तिनं सांगितलं नाही एवढं.
ती म्हणाली, "आईचं बोलणं लवकर संपतं हल्ली."

पावतीवर नाव काय लिहू?
"पावती नको."

स्क्रू काढले, पडदा उचलला.
आतली कॉइल ठणठणीत, चुंबक जागेवर,
पापुद्र्यासारखा पडदा, सुरकुतीसुद्धा नाही.
मग भिंग बाहेरच्या जाळीवर नेलं.
गोंद होता.
सांडलेला गोंद पसरतो, कडेला ओघळतो.
हा काडीनं लावलेला,
फटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत,
मन लावून.

मी काही बोलायच्या आत
तिनं भिंग आपल्याकडे ओढलं.
बराच वेळ वाकून राहिली.
"पीठ असेल," म्हणाली.
मी म्हटलं, हो, पीठ वाळलं की असंच होतं.

बाजूला सुऱ्या माळ्याचं रसाचं चाक फिरत होतं,
घुंगरांचा नुसता कालवा.
मी त्याला हातानं खूण केली, थांब जरा.
मग तिच्याकडे पाहिलं
आणि दुसरी खूण केली: चालू दे, जोरात.

तिनं नंबर लावला. फोन कानाला.
शटरकडे तोंड, पाठ माझ्याकडे.
मी कामाला लागल्यासारखं करत होतो,
कान मात्र तिकडेच होते, खोटं कशाला बोलू.
वर्षानुवर्षं स्पीकर वाजवून पाहतो मी,
वाजला की काम झालं.
काल पहिल्यांदा
काहीच ऐकू आलं नाही
आणि मला बरं वाटलं.
तिचे फक्त खांदे दिसत होते.
उसाचे दोन ग्लास भरून होईपर्यंत ती बोलली,
मधे एकदा हसली
किंवा नाक ओढलं, घुंगरांत समजलं नाही.

पैसे मोजताना म्हणाली,
"वरून पहिल्यासारखं दिसेल का?"

मी पुन्हा भिंग लावलं.
जाळी मोकळीच ठेवली.
काचेच्या कडेला, फटीच्या जरा वर
गोंदाची एक रेघ ओढली,
काडीनं,
मन लावून.
"घरी खालच्यावरच बोलत जा," मी म्हटलं.
"माहीत आहे," ती म्हणाली.

अडावदची गाडी लागली होती.