अकरा–एकोणीस

उद्यमबागेत आमच्या फौंड्रीला नवं मोल्डिंग मशीन आलं
तेव्हा त्याच्या खोक्यांसारखाच गप्प
कुवाबारा आला. तीन महिन्यांसाठी.
उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता त्याचा.
हेल्मेटसुद्धा डाव्यानं घालायचा.

बसलिंग म्हणाला, पडला असेल झाडावरून लहानपणी.
मी म्हणालो, असेल.

वाळू तो मुठीत दाबून बघायचा.
मूठ उघडून गोळा मोडायचा,
मोड सरळ आली की मान हलवायचा.
पण मोडण्याआधी दोन बोटं
गोळ्यावर कसली तरी शिवण शोधायची.
वाळूच्या गोळ्याला कुठली शिवण?

खंडेनवमीला मशीनला हार घातला,
अर्धा दिवस सुट्टी, पत्रावळीवर कुंदा.
तेव्हा त्यानं फोन काढला. फोनातली एक बाई
त्याच्यावतीनं हिंदीत बोलायची:
मैं फेंकने वाला था.

बसलिंग लोळायचा बाकी. फेकतोय गा हा!

मला हसू आलं नाही.
आमच्याकडं फेकणारा म्हटलं की
क्रिकेटच्या आधी पोलीस स्टेशन आठवतं.
पाटीवरच्या अक्षरांवरून उडालेला एक दगड
माझ्या बापाच्या भुवईत शेवटपर्यंत होता.
म्हणजे खूण होती. आम्ही दगडच म्हणायचो.

फोटोत एक पोरगा. पाठीवर सत्तेचाळीस.
बाई सांगत गेली, मधे मधे अडकत:
अठराव्या वर्षी संघानं उचलला,
गावच्या स्टेशनात त्याच्या नावाचं कापड लागलं.
चार वर्षं दुसऱ्या फळीत,
जिथं सामने भर दुपारी असतात
आणि बघायला डबे घेऊन म्हातारे येतात.
मग सात मोसम वरती.
कोपर दोनदा कापलं, खांदा एकदा.
जिंकले अकरा, हरले एकोणीस.
मग एका सकाळी ऑफिसात बोलावलं.
चहा आला. तो गरम असतानाच सगळं संपलं होतं.

मी येळ्ळूरच्या टीमचा कीपर, टेनिस बॉलवाला.
दोन बोटं वाकडी, बक्षीस म्हणून एकदा बोकड.
माझं जिंकलं-हरलं कुणी लिहून ठेवलं नाही.
त्याचं ठेवलंय.
दोघांतला कोण सुटला, मला अजून सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं जळकी वाळू मागितली,
टिपरनं टाकायला जाते ती काळी.
शेडच्या मागं ढिगारा केला, पाणी मारलं,
आमच्याच धुमसानं ठोकला. दहा इंच, एक सूत इकडं-तिकडं नाही.
टेप लावून साडेसाठ फूट मोजले
आणि मला बोट दाखवलं: बस.

मी ग्लव्ह्ज घालून उकिडवा.
तो वर चढला. बराच वेळ नुसता उभा.
मग हात खालून आला, गुडघ्याजवळून,
विहिरीतनं कळशी ओढावी तसा.
चेंडू छातीवर येत होता, मी शपथेवर सांगतो, छातीवर,
आणि ऐनवेळी त्याखालची पायरीच कुणीतरी काढून घेतली.
थेट नडगीवर.

पोरं शिट्ट्या मारायला लागली.
कुवाबारानं टोपी काढली, वाकला.
चेंडू माणसाला लागला की तिकडं काढतात,
बाईनं नंतर सांगितलं.

पुन्हा, मी म्हणालो.
एवढा एक शब्द त्याला बाईशिवाय कळला.
मग रोज जेवणाच्या सुट्टीत तो स्वतःच म्हणायचा, पुना.
न ला ह लावायला शेवटपर्यंत शिकला नाही.

जानेवारीत सांबऱ्याहून उडाला.
चेंडू माझ्या लॉकरात, आंघोळीच्या साबणाशेजारी.
टिपरवाला विचारत होता, हाबी ढीग उचलू काय?
र्‍हाऊ दे म्हटलं.
रात्री वॉचमनचं कुत्रं झोपतं त्याच्यावर,
दुपारी मी चढतो.
साडेसाठ फुटांवर बसलिंग, शिव्या घालत, उकिडवा.

हात गुडघ्याजवळून आणतो.
बोटं शिवणीवर, त्यानं ठेवली तशीच.
चेंडू सरळ जातो.
अजून सरळच जातो.