काळी तीन

पुंता अरेनासला वारा झोपत नाही,
तसा माझा भाऊही.
मधल्या प्लायवूडच्या भिंतीतून मला कळतं
येर्कोनं आज काय उतरवून घेतलंय.
परवा व्हायोलिन होतं, डासासारखं.
काल बासरी. तिच्यापेक्षा आमची किटली सुरेल.
आज एक ड्रमसेट, कुणीतरी जीव ओतून केलेला,
आणि चार वाजता एकदम काहीच नाही.
म्हणजे लॅपटॉप तापून बंद पडला.

दिवसा तो कारखान्यात खेकडे फोडतो,
लांब तंगड्यांचे, लालभडक,
आमच्या ताटात कधीच न आलेले.
खोक्यांना लावायची चिकटपट्टी
त्याच्या हेडफोनलाही गुंडाळलेली आहे.
लॅपटॉप शाळेनं टाकून दिलेला,
झाकणावर अजून कुणा पोराचं नाव आणि 'सातवी ब'.

कीबोर्ड पंचवीस पट्ट्यांचा.
धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात.
येर्को मोजतो.
ही फुकट, पण चौदा दिवसच दूध देणार.
ही फुकट, पण ईमेल सांगा, फोन सांगा, जन्मतारीख सांगा
(आईचं माहेर तेवढं विचारायचं राहिलं).
ही फुकट, आणि दर अर्ध्या मिनिटाला खरखरते,
तू पैसे दिले नाहीस याची आठवण म्हणून.
ही तर गायच नाही, नुसतं दावं.

तो काय शोधतोय हे त्यानं सांगितलं नाही.
मी विचारलं नाही.
बाबांनी अकॉर्डियन विकला तेव्हा मी अकराची, तो सहाचा.
त्या पैशाचं बोटीला इंजिन आलं,
पुढच्या हिवाळ्यात बोटही गेली.
बाबा आता सामुद्रधुनीपलीकडे, पोर्वेनीरला असतात.
फोनवर हवामान सांगतात.

मग जूनमध्ये, रात्र सतरा तासांची असताना,
त्याला ते सापडलं.
बनवणाऱ्याचं नाव नाही, फोटो नाही. एवढंच लिहिलेलं:
'जुना आहे. दोन पट्ट्या वाजत नाहीत, तशाच ठेवल्यात.
स्वयंपाकघरात रेकॉर्ड केलाय. माफ करा.'

कुणीतरी एकेक पट्टी दाबत गेलं होतं,
आधी हळू, मग जोरात, मग पुन्हा हळू,
सूर पूर्ण विरेपर्यंत श्वास धरून.
भाता उघडताना चामडं कुरकुरतं, तेही आहे.
आणि काळी तीन दाबली की
सुराच्या मागे, लांब, बहुधा दाराशी,
एक मूल काहीतरी विचारतं.
दोनच शब्द. शेवटचा वर जाणारा.

येर्कोनं ते कापून पाहिलं. सूरही कापला गेला.
मग आठवडाभर त्याचा वॉल्ट्झ काळी तीन चुकवत चालला,
डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसासारखा,
आणि दर वेळी बूट भिजलेच.

त्यानं शेजारच्या द्रागिचाबाईंना ऐकवलं.
त्यांचे आजोबा एड्रियाटिकच्या एका बेटावरून आलेले,
म्हणून गल्लीतल्या सगळ्या परक्या भाषा त्यांच्याकडे जातात.
त्यांनी हेडफोन कानाला लावला, टोपीवरूनच.
'आमची नाही ही भाषा,' म्हणाल्या.
'पण पोराला भूक लागलीय.'

त्या रात्री भिंतीपलीकडे
काळी तीन पहिल्यांदा पूर्ण वाजली.
मुलानं विचारलं.
चार मात्रांनी पुन्हा विचारलं, तेच, त्याच वयाचं.
मी उशी कानावरून काढली.

रविवारी त्यानं फोन स्पीकरपाशी धरला.
पलीकडे बाबा, आणि पलीकडचा वारा.
तीन मिनिटं कुणी बोललं नाही.
'भाता डावीकडे गळतोय,' बाबा म्हणाले.
मग खोकले.
'आणि ते पोर कुणाचं?'
येर्को म्हणाला, 'माहीत नाही. सोबत फुकट आलंय.'
'मग असू दे,' बाबा म्हणाले.
'पुन्हा लाव.'