ग्रॅच्युइटी

बिदियाच्या पुढे डांबर संपतं,
तिथे हुमैदनं टायरांतली हवा सोडली,
आमच्या बोलण्यातलीही थोडी.

नाडगौडांच्या टपावर स्कीच्या तीन जोड्या,
नॉर्वेला परत गेलेल्या एका इंजिनिअरनं
सोफा, कुंड्या आणि मांजरासोबत मागे ठेवलेल्या.
बर्फासाठी घडलेल्या पट्ट्या. हुमैदनं त्या उलट्या केल्या
आणि पोटावर मेणबत्ती घासली
पोळीला तूप लावावं तशी, पार कडेपर्यंत.

वाळूला लिफ्ट नसते.
उतरायला मोजून सोळा सेकंद,
चढायला वीस मिनिटं,
आणि दर वेळी तो अनवाणी खाली येऊन
माझ्या स्की खांद्यावर टाकून पुढे चालायचा,
मागे न बघता, म्हणजे मला मोकळेपणी धापा टाकता याव्यात.
कुठली बाजू वाऱ्यानं रात्रीत पोकळ केलीय
हे तो टाचेनं विचारायचा.
एकदा म्हणाला, इथून नको.
का, म्हटलं, तर टेकडीकडे हनुवटी केली,
जणू तिनंच सांगावं.

रात्री तंबूत कुजबुज. किती द्यायचे?
नाडगौडा म्हणाले, दहा टक्के, सरळ हिशेब.
त्यांच्या मिसेस म्हणाल्या, अहो, शर्यतीचे उंट आहेत त्याचे,
एकेक आपल्या फ्लॅटपेक्षा महाग. अपमान व्हायचा.
गोगटे म्हणाला, पाकिटात घातलं की अपमान होत नाही.
मी शब्द शोधत होते.
पोस्त दिवाळीची. दक्षिणेला सुपारी लागते,
ओवाळणीला ताट, चिरीमिरीला टेबलाची खालची बाजू.
बक्षीस म्हणावं, तर दिवसभर पडलो आम्हीच.
रुवीच्या ऑफिसात माझ्याकडे एकच शब्द आहे,
तो मी रोज टाइप करते:
ग्रॅच्युइटी.
मूळ पगार गुणिले वर्षं,
वजा उचल, वजा हरवलेलं हेल्मेट,
खाली माझी सही,
आणि माणूस विमानात.

सकाळी कॉफी.
पेला उजव्या हातात धरायचा,
पाकीटही उजव्याच हातानं द्यायचं,
आणि उजवा हात एकच.
पेला हलवून 'पुरे' म्हणायचं असतं, ते विसरले;
तो ओतत राहिला, मी पीत राहिले.
पाकीट त्यानं सगळ्यांसमोर फोडलं,
नोटा मोजल्या, मोठ्यानं, अरबीत.
"चांगले आहेत," म्हणाला, भाजीचा भाव पटावा तसा.
मिसेस नाडगौडा सतरंजीची वीण बघत होत्या.
मग तो म्हणाला, "आणि रुहुलचे?
माझ्या हातून नको. माझ्या हातून गेले की माझे होतात.
चारला उठलाय तो. त्याच्या हातात द्या."

तंबूमागे रुहुल परात घासत होता, वाळूनंच.
मी पाच रियाल पुढे केले.
त्यानं हात पुसले. आधी माझ्याकडे पाहिलं, मग नोटेकडे.
"मॅडम, मैं थ्री वन वन सेव्हन."

चेहरा आठवला नाही. आकडा लगेच आठवला.
बर्का साइट. सहा वर्षं, चार महिने.
मी त्याला नोआखालीला पाठवून फाइल बंद केली होती.
"चार रियाल सातसौ कटे थे," तो म्हणाला,
गावाचं नाव सांगावं तसा.
"हेल्मेट बाद में मिला.
तब तक आपका साइन हो गया था."

मी पर्समधून आणखी पाच काढले.
त्यानं दोन्ही नोटा दोन खिशांत ठेवल्या.
"वो अलग, ये अलग."
मग खिसे चाचपत, परात तशीच टाकून
तो हुमैदकडे गेला, काहीतरी मागितलं,
आणि परत येऊन माझ्या तळहातावर ठेवल्या
शंभर बैशांच्या तीन नोटा.
राहू दे, म्हणाले मी.
तो परातीकडे वळला होता.

टायरांत हवा भरताना हुमैद म्हणाला,
पुढच्या वेळी मेणबत्त्या जास्त आणा.
पांढऱ्या. रंगीत चिकटतात.